काचंच्या पेटीतली पिंज

चन्नप्पा मेला तवा त्याची बायको रत्नम्मा रडली न्हाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण सोलापूरशेजारच्या कुंभारीत, ती ऱ्हायची तितं, पुढं लई दिवस तिची ओळख हीच हुती. कोण रत्नम्मा म्हणून इचारलं की लोक म्हणायचे, ती न्हाय का, न रडलेली.

चन्नप्पा यंत्रमागावर हुता. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका शेडात टावेल विणायचा. माग चालतो तवा सुतातनं बारीक पिंज उडती. ती केसावर बसती, भुवईवर बसती, डब्यातल्या भाकरीवर बसती, आणि उरलेली नाकातनं आत जाती. चन्नप्पाच्या उमरभर जात ऱ्हायली. शेवटी शेवटी त्याच्या छातीतनं असा आवाज यायचा की आत कुणीतरी बसून जुनी वाकळ फाडतंय. डॉक्टरनं छातीचा फोटो काढून दिला. रत्नम्मानं तो दाराच्या उजेडाला धरून बगितला आणि परत पाकिटात घालून पत्र्याच्या पेटीमागं सारला. एका सकाळी आवाज थांबला. ती चहा करत हुती. तिनं आधी चहा खाली उतरवला, गॅस बंद केला, मग शेजारच्या गोजरबाईला हाक मारली. गोजरबाई करकंबची, घरी विड्या वळणारी, तोंडानं फाटकी. ती आली, चन्नप्पाला बगितलं आणि तिनंच पयला गळा काढला. रत्नम्मा बाजूला उभी, हातात चिमटा.

चन्नप्पाच्या लोकांत मेलेल्या माणसाला बसवून पुरत्यात. चन्नप्पाला तसा बसवला, कपाळाला इभूत लावली, माती लोटली. सगळं रीतसर झालं. रत्नम्माची जाव सिद्धेश्वरी गावाकडनं आलेली. तिला काय ते न रडणं सोसंना. नवा पाव्हणा दारात आला की ती आधी रत्नम्माच्या डोळ्यात बगायची. तिसऱ्या का चौथ्या दिशी तिनं तिखट कालवलेला हात पदरानं नीट न पुसता रत्नम्माच्या तोंडावरनं फिरवला, मायेनं फिरवल्यासारखा. डोळ्याला पाणी आलं. सिद्धेश्वरीनं बायकांना हाक मारून सांगितलं, "आलं बगा, आलं एकदाचं." बायका येऊन बगून गेल्या.

दीर ईश्वरप्पा माणूस वाईट न्हवता. अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाच्या शिवंवर त्यांचं गाव. तितं त्याची ज्वारी-तूर. जाताना त्यानं रत्नम्माला सांगितलं, हाताला नोकरी हाय तवर खुशाल ऱ्हा, पण नोकरी सुटली की गावाला यायचं. एकटी बाई भाड्याच्या खोलीत बरी दिसत न्हाय. मागची खोली रिकामी करून ठिवतो. रत्नम्मानं मान हलवली. ही बोलणी कानडीत झाली. तिची घरातली बोली कानडी. मराठी बाजारातली, कामावरची.

मागची खोली तिला म्हाईत हुती. शेळ्या बांधायच्या शेजारची. शेळ्यांचं काय न्हवतं. पण त्या घरात उठता-बसता सिद्धेश्वरी डोळ्यात बगणार, गावातली प्रत्येक बाई येऊन बगणार, आणि रत्नम्माकडं दावायला काय न्हवतं. आतनं सगळं बधिर झालेलं. दात काढायच्या आधी सुई देत्यात, तसं. जेवणात मीठ कमी का जास्त ते कळत न्हवतं. सण कुठला आला ते कॅलेंडरवर बगून कळायचं. कुंभारीत एक बरं, पोटापायी धावणाऱ्या लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यात बगायला सवड न्हाय. न रडलेली म्हणून नाव ठेवत्यात आणि विड्या वळायला बसत्यात. तिला तितंच ऱ्हायचं हुतं. त्यासाठी नोकरी टिकवायची, एवढंच तिला त्या वर्सात नीट ठाऊक हुतं.

नोकरी म्हंजे त्याच शेडात झाडलोट. लहानपणापास्नं ती विड्या वळायची, पण चन्नप्पाची छाती बिगडल्यापास्नं तमाखूची धूळ घरात नगं म्हणून सोडून दिल्या आणि शेडात झाडू धरला. तो मेला त्याच वर्सी मालकानं माग भंगारात घातले. क्रेन आली, माग उचलून नेले, फरशीवर तेलाचे डाग तेवढे ऱ्हायले. रत्नम्माला वाटलं, संपलं. पण मालकाचा नातू ऋतुराज पुण्यासनं आला. कॉम्प्युटरचं शिकलेला. त्यानं तिला पयलं काम सांगितलं ते असं, "अक्का, कोपऱ्याकोपऱ्यातली पिंज गोळा करा. फेकू नका, मला पाहिजे."

तिला वाटलं, पोराचं डोस्कं फिरलं. पण पिंज कुटं साठती ते तिच्याइतकं कुणाला म्हाईत. खिडक्यांच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या खाचंत, जुन्या पंख्यांच्या पात्यांवर. तिनं पिशवी भरून दिली.

ऋतुराजनं शेडाच्या एका कोपऱ्यात खोली बांधली आणि माशे पाळायला असती तशी काचंची मोठी पेटी आणून ठिवली. वरनं गच्च झाकण. खाली बारका पंखा, बाजूला दिवा, समोर कॅमेरा, कॅमेऱ्याला कॉम्प्युटर. पेटीत ती पिंज सोडली आणि पंखा चालू केला. पिंज उठली, फिराय लागली. पिंजंचं कुठलं बोंडूक वर जाईल, कुठलं खाली येईल, कुठलं दुसऱ्याला धडकून मागं फिरंल, काय नेम न्हाय. कॅमेरा सारखे फोटो काढायचा, कॉम्प्युटर ते फोटो दळून त्यातनं आकडे पाडायचा, आणि ते आकडे बंगळूरच्या एका कंपनीला तारंवरनं जायचे.

रत्नम्मानं इचारलं, आकडे कशाला. ऋतुराज तसा समजावून सांगणारा हुता. त्यानं सांगितलं, हल्ली बँकेचं, दवाखान्याचं, कचेरीचं जे काय फोनवरनं जातं ते कुलपात घालून जातं, आणि कुलपाची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो आकडा कुणाला ओळखता आला की चोर आत. कॉम्प्युटरला मनाला येईल तसं काय करता येत न्हाय. आकडा सांग म्हणलं की तो कुठल्यातरी रीतीनंच काढणार, आणि रीत आज ना उद्या कुणाला तरी सापडती. म्हणून जगभर लोक आकडा निसर्गाकडनं घेत्यात. कुणी रेडिओची खरखर ऐकून, कुणी उजेडाचे कण मोजून. आपल्याकडं पिंज हाय, ती फुकट हाय, आणि तिच्या मनात काय हाय ते तिचं तिला ठाऊक न्हाय.

"म्हंजे तुमालाबी ठावं नसतंय, कुटला आकडा निगनार?"

"मला कळला तर तो कामाचाच नाही, अक्का."

तिला ते पटलं, का कुणास ठाऊक. तिचं काम सोपं हुतं. खोलीत बसायचं. काच बाहेरनं पुसायची. पिंजंची गाठ झाली, कोपऱ्यात चिकटली, की काचंवर बोटानं टिचकी मारायची. लाइट गेली की पंख्याचा इन्व्हर्टर चढला का बगायचं; दिवा, कॅमेरा, कॉम्प्युटर निराळ्या बॅटरीवर हुते. आणि सगळ्यात मोठं म्हंजे पंखा थांबू द्यायचा न्हाय. ऋतुराज हप्ता हप्ता पुण्याला असायचा. जाताना दारातनं तेवढं एक बजावायचा, बाकी काय पण होऊ दे, पंखा थांबला न्हाय पायजे.

कुंभारीत हे कळायला येळ लागला न्हाय. नाक्यावर रामहरीची पानटपरी. रत्नम्मा बसमधनं उतरली की तो हमखास इचारायचा, "अक्का, आज ओपन काय, क्लोज काय?" त्याला मटक्याचा नाद. आकडे काढायचं काम म्हंजे दुसरं काय असणार, असा त्याचा हिशेब. ती म्हणायची, मला न्हाय ठावं. तो म्हणायचा, सांगू नका, आमी गरीब माणसं. एकदा त्यानं शपथ घालून इचारलं तवा ती म्हणली, "भाऊ, ज्येनं पेटी बनवली त्येलाबी कळत न्हाय." रामहरीनं त्याचा अर्थ असा काढला की भानगड लई वरपर्यंत हाय, आणि त्या दिशी जो आकडा लावला तो बुडाला. मग आठ दिवस तिच्याशी बोलला न्हाय.

गोजरबाई एकदा मुद्दाम बगायला आली. पेटीसमोर उकिडवी बसली. दिव्याच्या उजेडात पिंज फिरत हुती, कापूस कसला, राख कसली, नुसतं धुकं. गोजरबाई लई येळ गप बसली, आणि ती गप बसणारी बाई न्हवं.

"हीच न्हवं गं ती?" ती म्हणली. "दाजीच्या छातीत गेल्याली?"

"व्हय. हीच."

"आनि तू दिसभर हिच्याम्होरं बसतीस."

"बसती."

"काय हुत न्हाय तुला?"

रत्नम्मानं खरंच आत डोकावून बगितलं, जसं डब्यात पीठ हाय का बगावं. "न्हाय हुत," ती म्हणली. गोजरबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला, चांगला पीळ देऊन. रत्नम्मानं दंड चोळला आणि काचंवर टिचकी मारली, कारण कोपऱ्यात गाठ झाली हुती.

असं वरीस सरत आलं आणि खंडेनवमी आली.

आता हे सोलापुरात वाढलेल्याला सांगायला नगं, पण बाहेरच्यासाठी सांगतो. खंडेनवमीला माग चालवत न्हाईत. आदल्या दिशी पुसून काढायचे, तेलपाणी करायचं, आणि त्या दिशी झेंडूच्या माळा, लिंबू, नारळ. ज्या हत्यारानं पोट भरतं त्याला एक दिवस इसावा. मालक कितीबी हावरट असू दे, त्या दिशी हँडलला हात लावायची त्याची छाती न्हाय. एका वर्सी घाईच्या मालापायी दुसऱ्या शेडातल्या कुणीतरी माग सुरू केला आणि सुताचा धोटा उडून त्या माणसाच्याच डोळ्यात गेला, ते चन्नप्पानं बगितलेलं. त्यानं ते रत्नम्माला सांगितलेलं. खरं-खोटं त्याचं त्याला. पण ताप असू दे, पाऊस असू दे, खंडेनवमीला चन्नप्पा अंघोळ करून शेडात जायचा, मागाला इभूत लावायचा, आणि हात जोडून परत यायचा. रत्नम्मा संगं असायची, ताट धरून.

त्या वर्सी बी ती ताट घेऊन गेली. कुणी सांगितलं न्हवतं. सकाळी तिच्या हातानं ताट भरलं, एवढंच. ऋतुराज दसऱ्याला पुण्यातच हुता, सासुरवाडीला. रस्त्यावरची सगळी शेडं गप. एरवी तितं इतका खडखडाट असतो की माणूस माणसाच्या कानात वरडून बोलतो. त्या दिशी चिमण्या ऐकू येत हुत्या.

खोली उघडली तर आत पंखा फिरतोय. सगळ्या रस्त्यात तेवढाच.

ती ताट घेऊन उभी ऱ्हायली. पंखा थांबू द्यायचा न्हाय हे तिला ठाऊक हुतं. थांबला तर पिंज बसती आणि आकडे एकसारखे पडत्यात तेबी ठाऊक हुतं, ऋतुराजनं एकदा सोडून दहादा सांगितलेलं. आणि खंडेनवमीला चालतं यंत्र पुजायचं नसतं, हेबी ठाऊक हुतं. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं कसं? तिनं मनाशी असा तोडगा काढला की यंत्र म्हंजे काय, फिरतं ते. दिवा फिरत न्हाय, कॅमेरा फिरत न्हाय. ते चालू ठेवायचे. पंख्याला तेवढा इसावा द्यायचा, पूजा हुईपर्यंत.

तिनं बटण दाबलं.

पिंज लगीच न्हाय बसली. थोडा येळ आपल्याच नादात फिरली, मग उतराय लागली, आणि बसली. काचंच्या तळाला पांढरा थर झाला. तिनं कॅमेऱ्याच्या बाजूची काच सोडून बाकी तिन्ही बाजूला इभूतीची बोटं ओढली. झाकणावर झेंडू ठिवला. नारळ बाहेर पायरीवर फोडला. परत येऊन खोबऱ्याचा निवद दाखवला आणि जरा खुर्चीत टेकली. समोर काय हलत न्हवतं. कुटंच काय हलत न्हवतं. आणि तिला झोप लागली.

चन्नप्पा गेल्यापास्नं ती रात्रीची पडायची, पण झोप अशी न्हवती. त्या दिशी खुर्चीत, मान एका अंगाला टाकून, तोंड उघडं, ती अशी झोपली की जागी झाली तवा उन्हं दारातनं सरकून पार पल्याडच्या भिंतीवर गेली हुती. तिनं उठून तोंड धुतलं. पंखा चालू केला. खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. खोबरं गोड हुतं, हे तिच्या ध्यानात आलं. मग कुलूप लावून घरी आली.

आता ऋतुराजनं येडेपणा केला न्हवता असं न्हाय. एकसारखे आकडे याय लागले की त्याचा फोन वाजायचा, अशी सोय त्यानं केली हुती. पण उन्हाळ्यात लाइट झपकायची, दिवा थरथरायचा, आणि फोन उगंच बोंबलायचा. म्हणून त्यानं कॉम्प्युटरला सांगून ठिवलं की दिव्याची थरथर धरू नगं, पिंजंचं हलणंच तेवढं धर. आणि वरनं फोनबी गप करून टाकला. त्यामुळं पिंज बसली तसा कॉम्प्युटर तेच तेच आकडे पाडत बसला आणि बंगळूरची कंपनी ते घेत बसली. त्या दिशी ज्यांनी ज्यांनी कुलपं घेतली त्या सगळ्यांना एकच किल्ली. कंपनीच्या ध्यानात आलं ते दसरा झाल्यावर. चोरी झाली न्हाय म्हणत्यात. पण सगळी कुलपं बदलायला लागली, आणि ज्यांची बदलली त्यांनी इचारलं, का?

ऋतुराज रातोरात गाडी मारून आला. सकाळी रत्नम्मा पोचली तर तो पेटीसमोर बसलेला. काचंवरची इभूतीची बोटं त्यानं बगितली हुती. त्याला काय इचारायलाच लागलं न्हाय. तरी त्यानं इचारलं, आणि तिनं सांगितलं. तो वरडला न्हाय. डोस्कं दोन्ही हातात धरून बसला. मग म्हणला की कंपनीकडनं एक बाई तपासायला येणार हाय. लाइट गेली, इन्व्हर्टर चढला न्हाय, असं असंल तर नवा इन्व्हर्टर घेऊ, माफी मागू, निभंल. पण माणसानं हातानं बंद केलं हे कळलं तर पेटी बंद, खोली बंद, सगळंच बंद.

"तुमची नोकरी पण, अक्का. मला काही करता येणार नाही."

"व्हय."

"एवढंच सांगायचं. लाइट गेली होती, इन्व्हर्टर चढला नाही."

"लाइट गेलती, इन्व्हर्टर चडला न्हाय."

"परत म्हणा."

तिनं परत म्हणलं. बसमधी मनात म्हणलं. घरी भाकरी थापताना म्हणलं. गोजरबाईला सगळं ठाऊक झालं हुतं, कारण भिंत पत्र्याची. ती पल्याडनं म्हणली, "आगं चडला न्हाय म्हनताना खाली बगू नगं. खोटं बोलनारा खाली बगतो. माझ्याकडं बगून म्हन." रत्नम्मानं पत्र्याकडं बगून म्हणलं. खोटं बोलायचं तिला काय वाटत न्हवतं. खरं बोलायचंबी काय वाटत न्हवतं. वाटायचंच बंद झालेलं. ती मागची खोली तेवढी डोळ्यासमोर हुती, आणि सिद्धेश्वरीचा तो तिखटाचा हात.

तपासणीची बाई आली तिचं नाव दानेश्वरी. तरणी, केस कापलेले, पाठीला बॅग. आधी ऋतुराजशी इंग्रजीत बोलली. कॉम्प्युटर उघडून बगितला, पंखा उचलून बगितला, इन्व्हर्टरच्या तारा हलवून बगितल्या. मग रत्नम्माकडं वळली आणि मोडक्या हिंदीत इचारलं, उस दिन क्या हुआ था. रत्नम्मानं तिच्याकडं सरळ बगून पाठ केलेलं म्हणलं. लाइट गेलती, इन्व्हर्टर चडला न्हाय. अगदी बिनचूक. ऋतुराजनं श्वास सोडला.

दानेश्वरीला मराठी नीट समजलं न्हाय. तिनं ऋतुराजकडं बगितलं, त्यानं इंग्रजीत करून सांगितलं. ती मान डोलावत हुती. मग कायतरी लिवायचं म्हणून तिनं नाव इचारलं.

"रत्नम्मा."

दानेश्वरी थांबली. "कन्नडा बरतदेनरी?" कानडी येतं का, म्हणून.

"बरतदरी."

दानेश्वरी हुबळीकडची. तिचा चेहराच बदलला. खुर्ची ओढून रत्नम्माच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि पाव्हणीनं पाव्हणीला इचारावं तसं इचारलं, "आ दिना एनातरी, अक्का?" त्या दिशी काय झालं?

रत्नम्मानं तोंड उघडलं. वाक्य आलं न्हाय. मराठीत ते तयार हुतं, धुऊन घडी घालून ठिवलेलं. कानडीत तसलं काय तयार न्हवतं. कानडीत तिनं उमरभर आईशी, चन्नप्पाशी, दिराशी बोलणं केलेलं. तितं पाठ करून बोलायची येळ कधी आली न्हवती.

"नाने बंद माडिनरी," ती म्हणली. मीच बंद केला.

आणि मग थांबायचं कशाला, म्हणून सगळं सांगितलं. खंडेनवमी, ताट, पंखा, इभूत. झोप लागली तेबी. ऋतुराजला कानडीतलं अक्षर कळत न्हवतं, पण 'खंडेनवमी' कळलं. तो उठून दारात जाऊन उभा ऱ्हायला.

दानेश्वरी ऐकत हुती. तिनं सांगितलं की तिच्या वडलांची पिठाची गिरणी हाय, आणि त्या दिशी त्यांच्या घरात कात्रीसुद्धा उचलत न्हाईत. लहानपणी तिनं त्या दिशी पेन्सिलीला टोक केलं म्हणून आजीची थप्पड खाल्लेली. दोघी जरा हसल्या. रत्नम्माला हसू आलं ते ओठाला कळलं, बाकी कुटं न्हाय. मग दानेश्वरी म्हणली, अक्का, तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाय, पण जे एका बोटानं थांबतं त्याच्यावर लोकांची कुलपं ठेवता येत न्हाईत, आणि मला तसंच लिवायला लागंल. रत्नम्मा म्हणली, लिवा की.

दानेश्वरीला बसस्टँडवर सोडून ऋतुराज परत आला.

"एकच वाक्य होतं, अक्का."

"म्हनलं की. तुमच्याम्होरं म्हनलं."

"मग परत कशाला—"

"कानडीत पाठ न्हवतं केल्यालं."

त्याला हसू आलं, आणि आलं तसं गेलं. तो म्हणला, तुम्हाला माहीत होतं याचं काय होणार. ती म्हणली, व्हय, ठावं हुतं. त्यानं आणखी इचारलं न्हाय. पोरगा वाईट न्हवता. पुढं कंपनीचं पत्र आलं तसं त्यानं पेटी रिकामी केली, कॅमेरा-कॉम्प्युटर गाडीत घातले आणि पुण्याला नोकरी धरली. पिंज त्यानं मागच्या दारानं उकिरड्यावर ओतली. रत्नम्मानं शेवटचा झाडू मारला, किल्ली त्याच्या हातात दिली.

ईश्वरप्पाला खबर कुणी दिली ठाऊक न्हाय. अशा खबरा आपल्या पायानं जात्यात. तो रविवारी टेम्पो घेऊन आला. संगं ज्वारीचं पोतं आणलेलं, रिकाम्या हातानं यायचं न्हाय म्हणून, आणि येताना मागची खोली सारवून आल्याचं सांगितलं. सिद्धेश्वरीनं नवी चटई घातली म्हणला. रत्नम्मानं चहा केला. भांडी तिनं आदल्या दिशीच पोत्यात भरली हुती. चहाची तेवढी बाहेर. गोजरबाई दारात येऊन बसली, तांदूळ निवडायच्या बहाण्यानं, आणि तिच्या सुपात तांदूळ न्हवते.

चहा झाला. ईश्वरप्पानं भांड्याचं पोतं उचललं आणि टेम्पोत ठिवलं. मग गादीची वळकटी ठिवली. मग म्हणला, चल.

रत्नम्मा उठली न्हाय.

"चल की," तो म्हणला. "ऊन व्हतंय."

"न्हाय येत."

हे बी कानडीतच. पण गोजरबाईला तेवढं कळलं, तिनं सूप खाली ठिवलं.

ईश्वरप्पाला वाटलं, दुसरं काम लागलं असंल. त्यानं तसं इचारलं. रत्नम्मा म्हणली, न्हाय, काम न्हाय लागलं. मग माहेरला जायचं का? न्हाय. आमचं कुणाचं काय चुकलं का? न्हाय. सिद्धेश्वरी काय बोलली का? रत्नम्मानं चहाचा कप बाजूला सारला, मग म्हणली, तिचं बी काय न्हाय. मग काय हाय? काय न्हाय, मला हितं ऱ्हायचंय. एवढंच ती परत परत म्हणली, आवाज न चढवता. कारण सांगितलं असतं तर त्यानं ते खोडून काढलं असतं. तो पंचायतीत बसलेला माणूस, खोडून काढण्यात हुशार. पण त्याच्या हाताला धरायला काय लागंना. लोक काय म्हणतील, असं तो म्हणला. ती म्हणली, म्हनतील. खाणार काय? गोजरबाईकडं बोट केलं तिनं, म्हंजे विड्या. ईश्वरप्पा म्हणला, ही काय नोकरी हाय? ती म्हणली, न्हाय.

तो टेम्पोच्या पायरीवर बसून ऱ्हायला. शिव्या द्याव्या तर भावाची बायको. मग त्यानं उठून वळकटी उतरवली. भांड्याचं पोतं उतरवलं. ज्वारीचं पोतं उतरवलं, परत चढवलं, जरा येळ त्याच्यावर हात ठिवून उभा ऱ्हायला, आणि परत उतरवलं. रत्नम्मा पाया पडली. तो तिच्या डोळ्यात बगत हुता. काय दिसलं न्हाय त्याला. टेम्पो चालू करून गेला.

दुसऱ्या दिशी गोजरबाईनं तिला विडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन नाव लावलं. पयल्या दिसापुरती गोजरबाईनं आपली भिजवलेली पानं दिली, तमाखू मिळाली. तेंदूचं पान कापायची कात्री गोजरबाईची जुनी, दोरा बांधून घट्ट केलेली. रत्नम्माच्या बोटांना वाटलं हुतं आपल्याला येतंय, पण येत न्हवतं. विडी एक तर मोकळी व्हायची न्हाय तर गच्च. संध्याकाळी मुकादमानं सूप पुढं ओढलं आणि निवडत बसला. निम्म्या विड्या बाजूला टाकल्या.

"आरं मुडद्या, पयला दिस हाय तिचा," गोजरबाई म्हणली. मुकादम म्हणला, तमाखूला पयला दिस कळत न्हाय. गोजरबाईनं त्याचं खानदान काढलं. मागं रांगंतल्या बायका थांबून ऐकत हुत्या, भांडण चांगलं रंगलेलं.

रत्नम्मानं पास झालेल्या विड्या आपल्या नावावर लावून घेतल्या, उद्याची पानं ओच्यात घेतली आणि निघाली. पाणी यायचा दिवस हुता, आणि पानं रात्री भिजत घालायला लागत्यात. नळावर आधीच घागरी लागल्या असतील.